महिना एक शिलिंग, महिना दहा डॉलर

फेब्रुवारी चालू आहे, म्हणजे इथे ब्लॅक हिस्टरी मंथ. मुलं शाळेतून मार्टिन ल्यूथर किंगचं चित्र रंगवून आणतात, आपण ते फ्रिजवर लावतो आणि मार्चमध्ये काढून टाकतो. आमच्या घरी तरी बरीच वर्षं हेच चाललं होतं.

आजच्या विषयाची सुरुवात मात्र एका पॉटलकमध्ये झाली. जेवणं आटोपली होती, चहा फिरत होता, आणि बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, "आपण दोन बॅगा घेऊन आलो, नोकऱ्या केल्या, घरं घेतली. या लोकांना दोनशे वर्षं मिळाली, यांनी स्वतःसाठी काय केलं?" "हे लोक" म्हणजे कोण ते सांगायला नको. हे वाक्य तुम्हीही कुठल्या तरी दिवाणखान्यात ऐकलं असेल. मी तिथेच बसलो होतो. मी वाद घातला असं सांगायला आवडलं असतं, पण खरं सांगतो, मी मान डोलावली आणि चिवड्याची वाटी पुढे सरकवली.

त्यानंतर काही महिन्यांनी एका प्रोजेक्टसाठी फिलाडेल्फियाला आठवड्यातून तीन दिवस जाणं सुरू झालं. दुपारी पाय मोकळे करायला निघायचो. तसाच एकदा सिक्स्थ आणि लोंबार्ड या रस्त्यांच्या कोपऱ्यावर पोचलो. तिथे एक भक्कम दगडी चर्च आहे, मदर बेथेल. या जागेबद्दल असं सांगतात की अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मालकीत सलग सर्वांत जास्त काळ राहिलेली जमीन ती हीच. मी आयटीवाला, वर एमबीए. देवाधर्मापेक्षा "मालकी" या शब्दाने माझे कान टवकारले. १७९४ सालचं चर्च! देशात गुलामगिरी जोरात चालू होती तेव्हा यांनी जमीन घेतली कशी, पैसा आणला कुठून आणि ती टिकवली कशी? त्या दुपारपासून मी हा विषय वाचतोय. आज त्यातलं थोडं तुम्हाला सांगतो.

आधी माणूस बघू. रिचर्ड ॲलन, जन्म १७६०, जन्मतः गुलाम. डेलावेअरमधल्या त्याच्या मालकाच्या मनात मेथडिस्ट प्रवचनं ऐकून चलबिचल झाली. त्याने गुलामांना फुकट सोडलं नाही, पण स्वतःची किंमत भरून मोकळं व्हायची मुभा दिली. किंमत दोन हजार डॉलर, त्या वेळच्या काँटिनेंटल चलनात. ॲलनने लाकडं फोडली, विटांच्या भट्टीवर काम केलं, युद्धकाळात मिठाच्या गाड्या हाकल्या आणि ठरल्या मुदतीच्या आधीच पैसे चुकते केले. स्वतःचंच कर्ज स्वतः फेडून तो फिलाडेल्फियात आला. तिथे धुराडी साफ केली, जोडे शिवले आणि प्रवचनं दिली.

१७८७ साली, म्हणजे याच शहरात अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती त्या वर्षी, ॲलन आणि त्याचा मित्र ॲब्सलम जोन्स यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी काढली. चर्चच्याही आधी सोसायटी, हे लक्षात ठेवा. नियम साधे होते. प्रत्येक सभासदाने महिन्याला एक शिलिंग भरायचा. वर्ष झालं की गरजू सभासदाला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मदत सुरू. अट एकच, गरज त्याच्या स्वतःच्या बेफिकिरीने ओढवलेली नसावी. सभासद वारला तर विधवेला आधार आणि मुलांच्या शिक्षणाची किंवा एखादं काम शिकण्याची सोय. हिशेबाला एक क्वेकर गृहस्थ नेमला होता.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही पतपेढी होती, विमा होता आणि थोडी भिशीही होती. ज्यांना बँक दारात उभं करणार नव्हती आणि न्यायालयात ज्यांच्या शब्दाला वजन नव्हतं, अशा लोकांनी आधी नियमावली लिहिली. मला ते फार आवडलं.

त्याच सुमारास सेंट जॉर्ज नावाच्या मेथडिस्ट चर्चमध्ये तो प्रसिद्ध प्रसंग घडला. कृष्णवर्णीय तिथे उपासनेला जात. नव्या सज्जासाठी त्यांनी वर्गणी दिली होती, अंगमेहनतही केली होती. एका रविवारी प्रार्थना चालू असताना ट्रस्टी आले आणि गुडघे टेकून बसलेल्या ॲब्सलम जोन्सला ओढून उठवू लागले, ही जागा तुमची नाही म्हणून. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढंच त्याने मागितलं. ते थांबले नाहीत. प्रार्थना संपल्यावर सगळे कृष्णवर्णीय उठले आणि एकगठ्ठा बाहेर पडले. ॲलनने पुढे एक जुनं लोहाराचं दुकान विकत घेतलं आणि स्वतःचे घोडे जुंपून ते आपल्या प्लॉटवर ओढत आणलं. त्याची डागडुजी करून जे उभं राहिलं ते पहिलं बेथेल चर्च. आज दिसतं ते त्याच जागेवरचं चौथं बांधकाम.

पण या दोन गोष्टींच्या मध्ये एक साथ आली आणि मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं पान तिथे सापडलं.

१७९३ चा उन्हाळा. फिलाडेल्फियात पीतज्वर पसरला. पन्नासेक हजार वस्तीच्या शहरात काही महिन्यांत सुमारे पाच हजार माणसं मेली. ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून गेले. जॉर्ज वॉशिंग्टनही गेले, कारण तेव्हा राजधानी इथेच होती. डॉक्टर बेंजामिन रश, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे मोठे गृहस्थ, यांचा समज होता की कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही. त्यांनी ॲलन आणि जोन्सना शुश्रूषेसाठी माणसं मागितली. समज साफ चुकीचा होता, दोनशेच्या वर कृष्णवर्णीय त्या साथीत गेले. खुद्द ॲलनही आजारी पडला. पण सोसायटीची माणसं घराघरांत शिरली. आजाऱ्यांना पाणी पाजलं, रशच्या सांगण्यावरून रक्त काढलं (तेव्हाचा उपचार तोच), प्रेतं उचलली, पुरली. जिथे घरचे हात लावत नव्हते तिथे यांनी लावला.

साथ ओसरली आणि मॅथ्यू केरी नावाच्या प्रकाशकाने साथीचा इतिहास छापला. पुस्तक हातोहात खपलं. त्यात ॲलन आणि जोन्सची स्तुती होती, पण बाकीच्या कृष्णवर्णीय परिचारिकांवर आरोप होता की त्यांनी अवाच्या सवा पैसे उकळले, चोऱ्या केल्या. आपल्या दोघांना वगळून आपल्या लोकांना नावं ठेवली, तर आपण काय करतो? बरेचदा गप्प बसतो, मनातून थोडे सुखावतोसुद्धा. "तुम्ही त्यांच्यातले नाही हो" ही स्तुती आपल्यालाही इथे मिळालेली असते.

या दोघांनी १७९४ मध्ये स्वतःची पुस्तिका छापली आणि तिच्यात जमाखर्च टाकला. प्रेतं पुरण्याच्या कामाचे मिळाले सुमारे २३३ पौंड. शवपेट्यांवर आणि पाच माणसांच्या मजुरीवर खर्च झाले ४११. म्हणजे पदरचे १७७ पौंड गेले. दर का चढले तेही सांगितलं. घाबरलेली घरंच एकमेकांवर बोली चढवत होती, एकाकडची नर्स दुसरा जास्त पैसे देऊन नेत होता. मागणी-पुरवठ्याचा हा धडा मी बिझनेस स्कूलमध्ये फी भरून शिकलो! आणि शेवटी त्यांनी केरीसाहेबांना सुनावलं की हे स्वतः साथीत शहर सोडून गेले होते, आणि आमच्या डझनभर लोभी नर्सांनी मिळून कमावलं नसेल तेवढं यांनी पुस्तक विकून कमावलं असेल. लक्षात घ्या, हे लिहिणारे दोघंही गुलामीत जन्मलेले, आणि ज्याला उत्तर दिलं तो शहरातला वजनदार प्रकाशक.

चर्च उभं राहिलं तरी मालकीचं भांडण संपलं नव्हतं. १७९६ ची कागदपत्रं गोऱ्या मेथडिस्टांच्या सांगण्याप्रमाणे झाली होती आणि त्यांत इमारतीवरचा हक्क त्यांच्या कॉन्फरन्सकडे गेला होता. सही करताना कलमं नीट न वाचल्याचा पस्तावा ज्यांना आयुष्यात एकदा तरी झालाय त्यांना हे कळेल. पुढची वीस वर्षं ओढाताण. १८१५ मध्ये तर चर्च लिलावात निघालं, आणि ॲलनला आपलंच चर्च दहा हजार डॉलरच्या वर बोली लावून परत घ्यावं लागलं. १८१६ च्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी आजूबाजूच्या गावांतली अशी चर्चेस एकत्र आली आणि आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल, म्हणजे ए. एम. ई. हा स्वतंत्र पंथ तयार झाला. ॲलन त्याचा पहिला बिशप.

मालकीचं एवढं का सांगतोय, ते पुढच्याच वर्षी दिसतं. जानेवारी १८१७. स्वतंत्र कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत पाठवून द्यावं अशी एक प्रतिष्ठितांची योजना निघाली होती. त्यावर विचार करायला सुमारे तीन हजार माणसं बेथेलमध्ये जमली. पुढाऱ्यांपैकी काहींना ती योजना तेवढी वाईट वाटत नव्हती. पण बाजूने कोण असं विचारल्यावर एकही आवाज आला नाही आणि विरोधात कोण म्हटल्यावर इमारत हादरली, असं वर्णन आहे. हा देश आमच्या घामावर उभा आहे, आम्ही इथून जाणार नाही. तीन हजार माणसांना असं बोलायला त्या काळी दुसरी कुठली जागा मिळाली असती?

सगळं गोड होतं असं नाही. जरीना ली नावाची बाई ॲलनकडे आली, मला प्रवचन द्यायचं आहे म्हणाली. ॲलनने नकार दिला, पंथाच्या नियमात बायकांना ती परवानगी नाही म्हणून. गुडघ्यांवरून उठवलं गेल्याचं दुःख ज्याला माहीत, त्याने हे करावं! आठेक वर्षांनी, एका रविवारी प्रवचनकार अडखळला तेव्हा ती बाकावरून उठून बोलू लागली, आणि मग ॲलनने तिला मान्यता दिली. पण एकूण या चर्चेसमध्ये वर्गणी गोळा करणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, शाळा चालवणाऱ्या बहुतेक बायका आणि व्यासपीठावर पुरुष, हे फार काळ चाललं. आपल्या मंडळांत कसं असतं ते मी बोलत नाही, घरी जायचंय मला.

इथे आपल्याकडची एक आठवण. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. पुण्यात ते पुस्तक निघालं तेव्हा इथे दक्षिणेत मुक्त झालेली माणसं काय करत होती? चर्च बांधत होती, आणि चर्चच्या तळघरात शाळा भरवत होती. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुन्हा होता, त्यामुळे पहिली भूक अक्षराची. अटलांटाचं मोअरहाऊस कॉलेज १८६७ साली ऑगस्टा गावी एका बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात सुरू झालं. स्पेलमन कॉलेज १८८१ साली अटलांटाच्या फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात, अकरा विद्यार्थिनींवर. याच मोअरहाऊसचे पुढचे अध्यक्ष बेंजामिन मेझ, पेशाने पाद्री, १९३६ च्या अखेरीस आपल्या वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटून गेले. काही वर्षांनी त्यांच्या कॉलेजात एक मुलगा शिकायला आला, त्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग.

किंगचं भाषण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र ओढ वाटते ती माँटगोमेरीच्या वाहतूक व्यवस्थेची. डिसेंबर १९५५, रोझा पार्क्सना अटक झाली आणि बसवर बहिष्कार पडला. तो चालला ३८१ दिवस. बसचे बहुतांश प्रवासी कृष्णवर्णीय, कामाला तर रोज जायचंच. मग तीनशेच्या आसपास खासगी गाड्या जमवल्या, शहरभर चाळीसच्या वर ठिकाणं ठरवली, सकाळी कुठून उचलायचं आणि संध्याकाळी कुठे. ॲप नाही, मोबाइल नाही. वेळापत्रक सांगायला रात्रीच्या सभा, आणि सभा चर्चमध्ये. पोलिसांनी चालकांना क्षुल्लक कारणांवरून पकडायला सुरुवात केली. पुढे चर्चच्या नावाने स्टेशन वॅगन घेतल्या, दारावर चर्चचं नाव रंगवलं. लोक त्यांना चालती चर्चेस म्हणत. स्थानिक विमा कंपन्यांनी विमा रद्द केला, तर लंडनच्या लॉइड्सकडून मिळवला. पेट्रोलचे पैसे? जॉर्जिया गिल्मोर नावाची एक स्वयंपाकीण होती. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी तळलेलं चिकन, पाय, केक करून विकले आणि दर आठवड्याला सभेत पैसे आणून दिले. गटाचं नाव "क्लब फ्रॉम नोव्हेअर", म्हणजे कुणी विचारलं पैसे कुठून आले, तर कुठूनच नाही. गोऱ्या घरांत काम करणाऱ्या बायकांची नोकरी जाऊ नये म्हणून ही युक्ती.

सगळेच पाद्री या लढ्यात नव्हते, हेही सांगायला हवं. कित्येकांना भीती होती, काहींना हा मार्गच पसंत नव्हता. बॅप्टिस्टांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचे अध्यक्ष जोसेफ जॅक्सन किंगच्या पद्धतीच्या विरोधात होते, आणि १९६१ मध्ये ती संघटना फुटली.

आता परत फिलाडेल्फियात. बेथेलपासून उत्तरेला, ब्रॉड स्ट्रीटवर झायन बॅप्टिस्ट चर्च. तिथे १९५० मध्ये लिओन सलिव्हन नावाचे पास्टर आले, साडेसहा फुटांच्या जवळ उंची. त्यांनी पाहिलं की आपले लोक ज्या कंपन्यांचा माल घेतात, त्या कंपन्या आपल्या मुलांना ट्रकवर किंवा ऑफिसात घेत नाहीत. १९६० मध्ये शहरातले सुमारे ४०० पाद्री एकत्र आले. संघटनेला घटना नाही, पदाधिकारी नाहीत, खजिना नाही, त्यामुळे कोर्टात खेचायचं कुणाला हाच प्रश्न! पहिली कंपनी टेस्टी बेकिंग, इथल्या प्रत्येक मुलाला माहीत असलेल्या टेस्टीकेकची. शिष्टमंडळ गेलं, नेमक्या आकड्यांत मागण्या ठेवल्या, इतके ड्रायव्हर, इतक्या क्लार्क. कंपनीने टाळाटाळ केली, तेव्हा एका रविवारी चारशे व्यासपीठांवरून एकच निरोप गेला, हा केक घेऊ नका. काही आठवड्यांत कंपनीने मान्य केलं. पुढच्या तीनेक वर्षांत पेप्सी, सनोको वगैरे धरून तीसएक कंपन्यांशी हेच झालं.

मग नवीनच अडचण. दारं उघडली, पण आत जायला लागणारं कौशल्य बऱ्याच जणांकडे नव्हतं. सलिव्हननी उत्तर फिलाडेल्फियातली पोलिसांची एक बंद पडलेली जुनी कोठडी शहराकडून मिळवली आणि १९६४ मध्ये तिथे प्रशिक्षण केंद्र काढलं, ओ. आय. सी. वेल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्स नंतर. आधी वाचन, हिशेब, मुलाखतीला कसं जायचं हे. दशक संपेपर्यंत अशी केंद्रं डझनावारी शहरांत झाली.

आणि ही माझी आवडती गोष्ट. १९६२ मध्ये एका रविवारी सलिव्हननी भाकरी आणि माशांच्या चमत्कारावर प्रवचन दिलं आणि शेवटी योजना मांडली. महिन्याला दहा डॉलर, छत्तीस महिने. पन्नास जण हवेत म्हणाले, दोनशेच्या वर उभे राहिले. पहिल्या सोळा महिन्यांचे पैसे ना-नफा ट्रस्टला, म्हणजे शिष्यवृत्त्या आणि घरं यांसाठी. उरलेल्या वीस महिन्यांचे पैसे नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत, आणि त्या बदल्यात शेअर. आधी देणं, मग गुंतवणूक, असा क्रम मुद्दाम ठेवलेला. लवकर नफा मागायचा नाही हेही आधीच सांगितलेलं. त्या पैशातून आधी अपार्टमेंट झाली, आणि १९६८ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवर प्रोग्रेस प्लाझा, कृष्णवर्णीयांनी बांधलेलं आणि त्यांच्या मालकीचं देशातलं पहिलं शॉपिंग सेंटर. १९७१ मध्ये सलिव्हन जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर गेले आणि १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या कंपन्यांसाठी त्यांनी आचारसंहिता लिहिली. माझ्या एमबीएत ती सलिव्हन प्रिन्सिपल्स एका स्लाइडवर होती. हे गृहस्थ पाद्री होते, आणि सुरुवात दहा डॉलरच्या वर्गणीने केली, हे त्या स्लाइडवर नव्हतं. दहा वर्षांनी त्यांनीच जाहीर केलं की ही संहिता पुरी पडली नाही, कंपन्यांनी तिथून बाहेर पडावं.

राहिलं ते पॉटलकमधलं वाक्य. आपल्या दोन बॅगा इथे उतरल्या त्या १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. त्याआधी भारताचा कोटा वर्षाला शंभर माणसांचा होता. तो कोटा गेला नागरी हक्कांच्या चळवळीच्या त्याच लाटेत, ज्या वर्षी मतदानहक्काचा कायदा झाला त्याच वर्षी. ज्यांनी स्वतःसाठी काय केलं असं आपण विचारत होतो, त्यांनी माँटगोमेरीत वर्षभर पायपीट केली होती, आणि आपल्या व्हिसाच्या रांगेला सुरुवात झाली ती त्यानंतर. हे त्या रात्री मला माहीत नव्हतं. ज्यांनी ते वाक्य म्हटलं त्यांना मी नंतर फोन करून हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि मग विचारलं, "ते चर्च बघता येतं का?"

येतं. मदर बेथेलच्या खालच्या मजल्यावर छोटं संग्रहालय आहे आणि तिथेच रिचर्ड आणि सेरा ॲलन यांची समाधी आहे. जाण्याआधी फोन करून वेळ ठरवा, पार्किंगची मात्र बोंब आहे. तिथून गाडी काढून ब्रॉड स्ट्रीटने उत्तरेला निघालात की टेम्पल युनिव्हर्सिटीच्या थोडं अलीकडे प्रोग्रेस प्लाझा लागतो. मधली काही वर्षं तिथलं सुपरमार्केट बंद होतं, आजूबाजूच्या वस्तीला ताजी भाजी मिळायची पंचाईत होती. २००९ पासून पुन्हा मोठं किराणा दुकान सुरू झालं. गेल्या महिन्यात मी तिथे थांबून दूध आणि अंडी घेतली. कॅश काउंटरवरच्या आजींना मी सलिव्हनबद्दल विचारलं, तर त्या म्हणाल्या, माझी आई त्या दहा डॉलरवाल्यांपैकी होती. मागे रांग होती, त्यामुळे पुढचं विचारायचं राहिलं. पुन्हा जाणार आहे.